अर्धा तुकडा मोहनथाळ

शहाद्याच्या आमच्या दवाखान्यात टीमवर्क आणलं ते मी! मी म्हणजे अमृत पाटील, फिजिओथेरपिस्ट, राहणार लोणखेडा. खोटं वाटत असेल तर दवाखान्यात कोणालाही विचारा. म्हणजे, आता नका विचारू. तेव्हा विचारायला हवं होतं.

माझ्या आधी काय होतं? हाडांचे डॉक्टर रतिलाल सर हाड जोडून मोकळे. साखरेचे डॉक्टर पुनीत सर इंजेक्शन लिहून मोकळे. आहारतज्ज्ञ फाल्गुनी मॅडम पथ्य सांगून मोकळ्या. एक म्हणणार झोपा, दुसरा म्हणणार उठा, आणि पेशंटच्या शिव्या खाणार रोहिणी सिस्टर! मी म्हटलं, हे बंद. एक पेशंट, एक टीम, एक मत! लगेच मोबाइलवर ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'एकमत'. रतिलाल सर म्हणाले, "अमृत, तू आधी का नाही आलास रे?" मी लाजलो. फार नाही, बेताचाच लाजलो.

टीमचे पहिले पेशंट इंदरमल सेठ. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. लग्नसराईत वरच्या फळीवरचा ताका काढायला स्टुलावर चढले आणि ताक्यासकट खाली आले! खुबा मोडला. ऑपरेशन झकास झालं, पण सेठना साखर जुनी. रतिलाल सरांनी सांगून टाकलं, "वॉकर धरून चालायला लागा आणि साखर खाली आणा. त्याशिवाय घरी सोडणार नाही."

आणि घरी तर जायलाच हवं होतं! सेठच्या पत्नी बदामबाई यांचं वर्षीतप चालू होतं. वर्षीतप म्हणजे जैनांचं व्रत, वर्षभर एक दिवस जेवण, एक दिवस कडक उपास. त्याचं पारणं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने. आणि बदामबाईंनी पक्कं केलेलं, रस घेईन तर सेठच्याच हातून. सेठ आले नाहीत तर उपास पुढे चालू! सत्तरीची बाई हो! म्हटलं सेठ, काळजी करू नका, टीम आहे ना!

आता सेठच्या दुकानात मोठी पाटी आहे, 'एकच भाव'. त्या पाटीखाली बसून सेठने आयुष्यभर घासाघीस केली. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी. मला त्यांनी गिऱ्हाइकातच धरलं.

"सेठ, उठा. दरवाजापर्यंत चालायचं."

"दरवाजापावत? भाऊ, सकायनी बोहनी शे, इतला भाव नका सांगू! खिडकीपावत करी टाका."

"खिडकी तर खाटेला लागूनच आहे!"

"बरं, ना तुमनं, ना मन्हं. त्या टेबलपावत. पन मले काय भेटी?"

त्यांची नजर खाटेशेजारच्या कपाटाकडे गेली. पारण्यासाठी घरी मिठाई बनत होती आणि भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा डबा आणत होता. कपाटात बेसनाचा मोहनथाळ! तुपाचा वास नाकात शिरला. मी विचार केला, चालल्यावर साखर जिरतेच की. एका तुकड्याने काय होतंय?

"एक तुकडा. पण टीममधल्या कोणाला सांगायचं नाही!"

"नही सांगस. पन मी एकटा खास नही, भाऊ. पाव्हनाले सोडीसन खानं आमनामा बसत नही. अर्धा तुमना!"

म्हटलं, बरंच झालं! तेवढीच सेठची साखर अर्धी. त्यांच्या प्रकृतीसाठी मी माझा वाटा खाल्ला. सकाळी खाल्ला, दुपारी खाल्ला, संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी खाल्ला. सेठ टेबलापासून दरवाजापर्यंत पोचले, दरवाजापासून व्हरांड्यापर्यंत पोचले. ग्रुपवर मी टाकलं, 'प्रगती उत्तम! पथ्य कडक!' चौघांचे अंगठे आले. फाल्गुनी मॅडमनी तर दोन अंगठे दिले.

साखर मात्र रोज वर!

"असं कसं?" पुनीत सर डोकं धरून बसले. "सूर्यास्तानंतर हा माणूस पाणीसुद्धा घेत नाही. रात्रभर पोट रिकामं. मग सकाळी साखर येते कुठून?"

त्यांनी इंजेक्शन वाढवलं. फाल्गुनी मॅडमनी पोळी काढून घेतली, भात काढून घेतला आणि कारल्याचा रस सुरू केला. सेठ म्हणाले, "आज चौदस शे, मॅडम. तिथीले आम्ही हिरवं खातस नही." मॅडमचा चेहरा पडला. मोहनथाळाला मात्र तिथीची काही अडचण नव्हती. तो पिवळा!

आखाजी तोंडावर आली. सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. रतिलाल सर म्हणाले पुनीतचं इंजेक्शन कमी पडतंय. पुनीत सर म्हणाले अमृत नीट चालवत नाही. मी म्हणालो मॅडमचं पथ्य ढिलं आहे. मॅडम म्हणाल्या सिस्टरचं लक्ष नाही. 'एकमत' ग्रुपमधून दोघे बाहेर पडले! शेवटी मीच सगळ्यांना सेठच्या खाटेभोवती बोलावलं.

"मला वाटतं," पुनीत सर म्हणाले, "साखर तपासायचं मशीनच बिघडलंय."

कल्पना मला एकदम पटली. मी बाही सरसावून बोट पुढे केलं. "माझी तपासा! निरोगी माणूस, दिवसभर लोकांना व्यायाम शिकवतो. बघू काय सांगतंय मशीन!"

रोहिणी सिस्टरने टोचलं. मशीन वाजलं. माझी साखर सेठच्या वर!

"बघा! बिघडलंय!" मी आनंदाने ओरडलो. रतिलाल सर हसले, पुनीत सरांनी सुस्कारा सोडला, सेठने "चला, घर!" म्हणून वॉकर ओढला.

"थांबा," सिस्टर म्हणाली. "माझी पण बघते." तिने स्वतःचं बोट टोचलं. साखर एकदम नॉर्मल! दुसरं मशीन आणलं. सिस्टर नॉर्मल, मी सेठच्या वर.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कपाटाकडे बघत होतो, हीच माझी चूक. रतिलाल सरांनी कपाट उघडलं. डबेच डबे, आणि सगळे रिकामे!

"अमृत! तू एकट्याने?"

"एकट्याने नाही हो!" मी रडवेला झालो. "मी फक्त अर्धा तुकडा..."

"मी पण फक्त अर्धाच दिला," पुनीत सर जमिनीकडे बघत पुटपुटले. "इंजेक्शनला हात पुढे करत नव्हते."

"कारल्यानंतर तोंड गोड करायला," मॅडम म्हणाल्या.

रतिलाल सरांनी कोटाच्या बाहीने मिशी पुसली. मिशीला तूप होतं.

"आणि सिस्टर, तू?"

"मी पण दिला, सर. बीपी बघू देत नव्हते. पण मला गोड आवडत नाही. माझा अर्धाही त्यांनीच खाल्ला."

सगळे सेठकडे वळलो. सेठ शांत! "मन्हावर कसाले चिडतस? परतेकजन बोलना, दुसराले सांगू नका. मी शब्दले जागनू!"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "हाई काय चालनं?" बदामबाई! त्या दिवशी त्यांचा उपास होता. पार वाळून गेल्या होत्या, पण डोळे लख्ख. त्यांनी रिकामे डबे बघितले, आम्हाला बघितलं, मग सेठला बघितलं. आणि मारवाडीत नाही, आम्हा सगळ्यांना कळेल अशा अहिराणीत म्हणाल्या,

"मी वरीसभर एक दिवस आड उपाशी ऱ्हायनू. तुमले चार दिवस मोहनथाळ सोडाये नही?"

सेठचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझेही. ते वॉकर धरून उठले आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. एका शब्दाने घासाघीस केली नाही! आम्हीही त्या दिवसापासून सेठकडे पाचही जण एकदम जायला लागलो. एकेकट्याला पाठवायची कोणाची हिंमतच नव्हती. साखर उतरली. आखाजीच्या आदल्या दिवशी सेठ घरी!

पारण्याला सगळ्या टीमला आमंत्रण होतं. मांडवात सेठ वॉकर बाजूला ठेवून उभे राहिले. एका बाजूने रतिलाल सर, दुसऱ्या बाजूने मी. त्यांनी बदामबाईंच्या ओठांना रस लावला. बदामबाईंनी डोळे मिटले. अख्खा मांडव गहिवरला. मीही छाती फुगवून उभा! म्हटलं, हे आपल्या टीमचं काम!

मग सगळ्यांना रस वाटायला सुरुवात झाली. कळसाडी गावच्या उसाचा गारेगार रस. मी हात पुढे केला.

"अमृतला नको!" चार आवाज एकदम. डॉक्टर, डॉक्टर, मॅडम, सिस्टर! टीमचं पहिलं खरंखुरं एकमत, आणि ते माझ्या रसावर! कारण लॅबमधून माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. मशीन बरोबर होतं, बिघडलेलो मी होतो.

मी सेठजवळ सरकलो आणि हळूच म्हणालो, "सेठ, अर्धा ग्लास? कोणाला सांगू नका. अर्धा तुमचा."

सेठने माझा हात मायेने दाबला आणि ग्लास उचलून दूर ठेवला.

"नही भाऊ," ते म्हणाले, "एकच भाव!"