तुकडे न करणारे मुकुंदराव

मुकुंदरावांनी नवा सोफा घेतला, तेव्हा तो दारातून आत जाईना. "बाबूजी, हत्थे खोल देते हैं," सुतार म्हणाला. मुकुंदरावांनी सोफ्याला हात लावू दिला नाही. दाराची चौकट काढवली. मला म्हणाले, "तुकडे करायचे नाहीत, भिया. एकदा केले की जोडणारा भेटत नाही."

हा बाणा ऑफिसातही. देवासला आमची छोटी कंपनी आहे, दोन गावांतली ऑफिसं जोडणाऱ्या नेटवर्कच्या पेट्या बनवते. पेटीच्या पोटातला कर्नल, म्हणजे सगळी कामं हाकणारा मूळ प्रोग्रॅम, मुकुंदराव सांभाळतात. त्यामुळे शेजारी त्यांना फौजेतले समजतात. वायरी, पासवर्ड आणि साहेबांसमोर बोलणं माझ्याकडे.

घरी ते एकटेच. दर रविवारी बंगळुरूच्या मुलीला, मुक्ताला, चार पानी मेल लिहीत. "चिरंजीव मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष" इथून सुरुवात, ती थेट पणजोबांच्या दरबारातल्या मानापर्यंत. सोमवारी मला वाचून दाखवत. उत्तर मात्र येत नसे. मग हळूच विचारत, "मेल चालू आहे ना?" मी दोन-चार बटणं दाबून गंभीर चेहऱ्यानं "चालू आहे" म्हणे. मुलगी हिंदी शाळेत शिकलेली, एवढं मराठी तिला झेपत नसणार, हे मला कळत होतं. सांगायची हिंमत होत नव्हती.

अशात एका गिऱ्हाइकाच्या देवास-धार टनेलची तक्रार आली. टनेल म्हणजे एका ऑफिसची पाकिटं दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून पलीकडे नेणारी वाट. छोटे निरोप धारला पोचत, मोठे नकाशे मध्येच गडप. पाकिटावर पाकीट चढलं की ते फुगतं आणि वाटेत मावत नाही. मग कर्नलनं त्याचे तुकडे करावेत, नाहीतर पाठवणाऱ्याला "मोठं आहे, लहान करून पाठव" असा उलट निरोप द्यावा. मुकुंदरावांचा कर्नल तुकडे कुठला करतोय? तो निरोप देई.

"कर्नलमध्ये गडबड दिसते," मी साहेबांना ठोकून दिलं. तीन दिवस मुकुंदराव आपलाच कोड ओळ न् ओळ तपासत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"निरोप निघतोय. पण देवासच्या फायरवॉलमध्ये अडतोय. ती कोणी लावली?"

मीच. सुरक्षा वाढवायची म्हणून असले सगळे उलट निरोप मी बंद करून टाकले होते आणि त्याबद्दल साहेबांकडून शाबासकीही उपटली होती.

मी मान खाली घालून बोलणी खायला उभा राहिलो. ते रागावलेच नाहीत. "म्हणजे तो बिचारा सांगत होता, भिया. आपणच ऐकत नव्हतो." मग मोबाइल काढून त्यातला मुक्ताचा वर्षापूर्वीचा मेसेज माझ्यापुढे धरला. "बाबा, छोटा लिहा ना. इतना मोठा वाचता नाही येत मला."

"मला वाटलं, कंटाळली आपल्याला. रागानं त्या मेसेजला उत्तरच दिलं नाही मी, मेल मात्र तसेच लांब लिहीत राहिलो."

मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. सगळं कळत असून मी दर सोमवारी बटणं दाबत बसलो होतो.

मुकुंदराव टाइप करू लागले. आशीर्वाद लिहिले, खोडले. पणजोबा आले आणि गेले. शेवटी एकच ओळ उरली. चार पानांत ती मी कधी ऐकली नव्हती. "मुक्ता, घरी करमत नाही."

मिनिटभरात फोन वाजला. ते उठून खिडकीशी गेले. कधीपासून, असं तिनं विचारलं असावं.

"आई गेली तेव्हापासून, बाळा," मुकुंदराव म्हणाले.