जंगमकाकूंकडची जुडी

आमच्या वसाहतीत वानवळा म्हणून दिलेली भाजी शिजवली गेली नाही, तर ती तिसऱ्या दिवशी देणाऱ्याच्या घरी परत येते आणि आपलं काय चुकलं ते विचारते. घरच्या बागेत पहिल्यांदा आलेलं काही शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचं, तो वानवळा. ही रीत इतर गावांतही आहे. परत येण्याची पद्धत मात्र फक्त आमच्याकडची असावी. कॉलेजसाठी मी पुण्याला राहिले, तिथे ती नव्हती. अर्थात तिथे मला कुणी वानवळाही दिला नाही.

परत येणारी भाजी संध्याकाळी येते. कंपाउंडच्या भिंतीला धरून, पानं खाली घालून, कुणाच्या नजरेला पडू नये अशा बेताने. तिला आत घ्यायचं, पाण्यात उभं करायचं आणि उत्तर द्यायचं. आमच्याकडची मोठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर देत आली आहेत. तुझं काही चुकलं नाही, त्यांच्याकडे अचानक पाहुणे आले असतील. मग त्याच रात्री तिला आपल्या घरी शिजवतात. मला हे उत्तर लहानपणापासून खोटारडं वाटतं. भाजीला खरं काय ते कळायला नको का?

यंदाच्या थंडीत मी बागेत केल ही परदेशी पालेभाजी लावली. बागेत आईचा चाकवत, चुका आणि शेपू असतो. त्यांच्या शेजारच्या वाफ्यात कुरळ्या पानांची, काळपट हिरवी केल साताऱ्याच्या हवेत अशी फोफावली की बघत राहावं. मी गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक जुडी दिली आणि प्रत्येक दारात उभं राहून तिच्यातलं लोह आणि कॅल्शियम समजावून सांगितलं. आमच्या वसाहतीचे सचिव घोरपडे सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी जुडी उलटीपालटी करून पाहिली आणि ही फुलदाणीत ठेवायची असते का, असं विचारलं. मी त्यांना फुलदाणी आणि पातेलं यांतला फरक सांगितला. आईने मागून माझी ओढणी ओढली.

तिसऱ्या दिवशी जुड्या परत यायला लागल्या. पहिली सरांकडची. मग शेवाळ्यांकडची, मग कोपऱ्यावरच्या बाबरांकडची. बाल्कन्यांमध्ये माणसं वाळलेले कपडे काढायला म्हणून उभी होती आणि एकही कपडा काढत नव्हती. मी फाटकात उभी होते. कान तापले होते. पण मी पाहुण्यांचं नाव काढलं नाही. सरांकडच्या जुडीला मी स्पष्ट सांगितलं की तुझ्यात दोष नाही, ही माणसं जुन्या वळणाची आहेत, त्यांना नवीन काही गिळवत नाही.

जुडीने थोडा विचार केला. "हे तुम्हाला माहीत होतं, तर मला त्यांच्याकडे का पाठवलंत?"

मी तिला पाण्यात ठेवलं आणि बाबरांकडचीला आत घ्यायला गेले.

पुढचे काही दिवस आम्ही केलचं पिठलं, केलची थालीपिठं आणि केल घातलेलं वरण खाल्लं. पप्पांनी एकदा, फार हळू आवाजात, बटाटे संपलेत का असं विचारलं.

फक्त जंगमकाकूंकडची जुडी आली नाही. काकू गल्लीच्या शेवटच्या घरात राहतात. काका गेल्यापासून एकट्याच. पंच्याहत्तरी उलटलेली. जुडी परत आली नाही याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. मी वसाहतीच्या मासिक सभेची वाट पाहत बसले.

सभेत पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि सरांनी ऐनवेळचे विषय विचारले. मी उभी राहिले. मी म्हणाले की या गल्लीत शिकलेली, पेन्शन घेणारी, मुलांना परदेशी पाठवणारी माणसं आहेत आणि त्यांच्यापैकी एकालाही एक नवीन भाजी शिजवता आली नाही. जी शिजवली ती एकट्या राहणाऱ्या जंगमकाकूंनी. बाकीच्यांनी लाज धरावी. शेवाळे काकांनी चष्मा पुसायला घेतला. बाबरवहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. मागच्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "अगं केतके, पण..." आणि मी त्यांना म्हणाले, काकू, आता तुम्ही संकोच करू नका.

घोरपडे सरांनी ठराव मांडला. येत्या रविवारी दुपारी, ज्यांच्याकडून जुडी परत गेली त्या सर्वांनी श्रीमती जंगम यांच्याकडे जेवायला जावं आणि केल कशी करतात ते समजून घ्यावं. तो एकमताने मंजूर झाला. काकूंचा हात मी वर केला.

रविवारी सकाळी मी मदतीला म्हणून गेले. बरोबर चाकवत आणि चुका नेला होता. दार लोटलेलंच होतं. आत भर थंडीत पंखा चालू होता आणि काकू स्वेटरवर शाल घेऊन, कानाला रुमाल बांधून बसल्या होत्या. समोरच्या स्टुलावर, स्टीलच्या तांब्यात, ती जुडी उभी होती. काकू तिला पेपरातल्या वधू-वर जाहिराती वाचून दाखवत होत्या.

"उंच, गोरा, स्वतःचा फ्लॅट," काकू वाचत होत्या.

"आईविषयी काही लिहिलंय का?" जुडीने विचारलं.

मला बघून दोघी गप्प झाल्या. पंखा का, हे मी आधी विचारलं, कारण दुसरं काही सुचेना. काकू म्हणाल्या की हिला गारवा लागतो. मग मी जुडीला म्हणाले की नियम तुला माहीत आहे, तू तिसऱ्या दिवशी घरी यायला हवं होतंस.

"यांनी नाही कुठे म्हटलं?" ती म्हणाली. "रोज संध्याकाळी म्हणतात, उद्या करते. उद्या करते म्हटल्यावर मी कशी निघणार?"

काकू जमिनीकडे बघत होत्या. एकटीसाठी कुठे पालेभाजी निवडायची, म्हणून पहिल्या दिवशी राहिली, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी काही कारण दिलं नाही.

मी लगेच निघाले. सरांना जाऊन सांगते, जेवण रद्द करते, म्हणाले. काकूंनी माझं मनगट धरलं. "काय सांगशील? म्हातारी भाजीशी बोलत बसते म्हणून?" मग मी म्हणाले की बागेतून दुसरी जुडी आणते, तीच शिजवू, कुणाला कळणार नाही. हे बोलून झाल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला. मोठ्या माणसांसारखा.

"आणि मी?" जुडी म्हणाली. तिच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं. "उद्या मी शिजण्यासारखी राहणार नाही. मला टाकून द्याल. तेवढं करू नका."

काकूंनी पंखा बंद केला. विळी मांडली. मी चिरते म्हणाले, तर नको म्हणाल्या. जुडीने सांगितलं की मधला दांडा जाड आहे, तो काढून टाका, लवकर शिजत नाही. काकूंनी पान न्‌ पान दांड्यापासून सोडवलं, घाई न करता, आणि बारीक चिरलं. मी चाकवत आणि चुका निवडत राहिले. दोन्ही चांगल्या भाज्या, पण त्या वेळी काही बोलल्या नाहीत. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाण्यांबरोबर सगळं एकत्र शिजलं. काकूंनी रवीने घोटलं, ताक आणि बेसन लावलं, वरून लसणाची फोडणी दिली. चर्र आवाज झाला तेव्हा त्यांनी गॅसकडे पाठ केली होती.

माणसं वेळेवर आली. स्वच्छ कपडे घालून, शाळेत उशिरा पोचल्यासारखे चेहरे करून. सगळे पंगतीला बसले आणि खरोखर जेवले. सरांनी भाकरी कुस्करून वर भाजी दोनदा घेतली आणि मला म्हणाले, तुझं बरोबर होतं, आमचंच चुकलं. बाबरवहिनींनी कृती विचारली. मला मान वर करता येत नव्हती. काकू वाढत होत्या, आग्रह करत होत्या. स्वतःच्या ताटात त्यांनी ताक आणि भात घेतला.

सगळे गेल्यावर मी भांडी घासली. तांब्याही घासला. काय बोलावं ते मला कळत नव्हतं. कॉलेजात मी वक्तृत्वाची ढाल आणली आहे. काकूंनी ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "तुमच्याकडे भोपळा लावता का गं?"

नाही म्हणाले. जागा आहे पण.

"तांबडा भोपळा चार-सहा महिने टिकतो," काकू म्हणाल्या.

उद्याच बी लावते, असं मी सांगितलं. मग, या वेळी तरी खरं काय ते आधीच सांगावं म्हणून, भोपळा फारसा बोलत नाही, हेही सांगितलं.

काकूंनी विचार केला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "मी बोलेन."