श्वासाचा काटा

"हे चालायचं नाही," असं म्हणत काटासाहेबांनी बोटावरचा चिमटा काढला आणि मेडिकलच्या काउंटरवर ठेवला. "यावर पडताळणीचा शिक्का कुठाय?"

मेडिकलवाल्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, ऑक्सिमीटर आहे हा. बोटाला लावायचा, आकडा बघायचा. भाजीवाल्याचा तराजू नाही."

"मोजतो ना? मग तराजूच!"

काटासाहेब वजनमापं खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते दुकानात शिरले की अजूनही दुकानदाराचा हात आपोआप पारड्यापासून लांब जायचा. साखरेची पिशवी ते नुसती हातात तोलायचे आणि असा काही चेहरा करायचे की समोरचा न सांगता मूठभर साखर वाढवायचा. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्याची दर रविवारी तपासणी होई. अशा माणसाच्या हाती अख्खा एक नवीन प्रकारचा काटा आला होता. त्यांचा उत्साह काही विचारू नका!

पण ही खरेदी उत्साहाची असली तरी गमतीची नव्हती. त्यांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणत, कारण निम्म्या गावाला तिनंच भूगोल शिकवला होता. उभ्या नोकरीत निळ्या-पांढऱ्या खडूनं तिनं फळ्यावर बर्फाचे डोंगर काढले होते आणि तास संपला की डस्टरनं पुसले होते. खरा डोंगर मात्र एकही पाहिला नव्हता. आता निवृत्त शिक्षकांची सहल थेट बर्फात निघाली होती, बाईंनी लोकरीचे मोजे आणून ठेवले होते, आणि नेमका तेव्हाच न्यूमोनिया झाला. दवाखान्यात राहावं लागलं. त्या दिवसांत काटासाहेब इतके घाबरले होते की घरी येऊन ते रिकाम्या खुर्चीशी बोलत.

बाई बऱ्या झाल्या, घरी आल्या आणि पहिला प्रश्न विचारला तो डोंगराचा.

"वर हवा विरळ असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी ऑक्सिमीटर आणा. रोज शांत बसवून मोजा. आकडा पंचाण्णवच्या खाली गेला नाही, तर जायची चिठ्ठी देते. गेला, तर डोंगर पुढच्या वर्षी."

"डोंगर काय, जागचा हलणार नाही," बाई म्हणाल्या. "माझं काय सांगता येतंय?"

हे वाक्य काटासाहेबांच्या काळजात रुतून बसलं होतं. म्हणून यंत्र खरं बोलणारंच हवं होतं. त्यांनी काउंटरवरचे सगळे नमुने बोटावर चढवून पाहिले. एकाचा आकडा बारीक, एकाचं झाकण ढिलं, एकाची बॅटरी निघता निघेना. शेवटी मोठ्या आकड्यांचा, समोरून आणि उलट बाजूनंही वाचता येणारा एक त्यांनी पसंत केला.

"नखाला रंग नको, हात गार नको," मेडिकलवाला म्हणाला. "आणि घाई करू नका. आकडा स्थिर झाला की मगच वाचा."

"काटा वाचायला मला शिकवता?" काटासाहेब म्हणाले आणि यंत्र छातीशी धरून निघाले.

घरी आल्याबरोबर त्यांनी जेवणाचं टेबल पुसलं. ते डगमगत होतं म्हणून एका पायाखाली कागदाची घडी सारली. खिडकी लावली, पंखा बंद केला.

"अहो, बोट मोजायचंय की बाळंतपण करायचंय?" बाई म्हणाल्या.

"गप्प बस. बोट आत घाल. हं. आता पारडं रिकामं करायचं."

"म्हणजे?"

"सगळा श्वास बाहेर सोडायचा आणि तसाच रोखून धरायचा. नाजूक काट्यासमोर श्वास घेत नाहीत. सोनाराचा काटा तपासताना मी उसासासुद्धा टाकत नव्हतो. डॉक्टरांनी काय सांगितलंय? शांत बसवून."

"किती वेळ?"

"काटा स्थिर होईपर्यंत."

बाईंनी श्वास सोडला आणि रोखला. जुन्या सवयीनं काटासाहेबांनीही रोखला. आकडा उजळला: सत्त्याण्णव. काटासाहेबांचे डोळे चमकले. मग शहाण्णव. मग चौऱ्याण्णव. बाईंच्या भुवया वर गेल्या. ब्याण्णव. बाई लालबुंद झाल्या आणि प्रेशर कुकरची शिट्टी व्हावी तसा त्यांचा श्वास सुटला.

"किती?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"काही नाही," काटासाहेब म्हणाले. त्यांनी चिमटा पटकन मुठीत लपवला. "यंत्र खोटं आहे."

दुसरं यंत्र आणलं. तेही ब्याण्णव. तिसरं आणलं, त्यानं तर एक्याण्णव दाखवलं. चौथ्या वेळी काटासाहेब दारात दिसले तसा मेडिकलवाला हात जोडून उभा राहिला.

"साहेब, तुम्ही गिऱ्हाईक नाही, माझी परीक्षा आहात. दुकानातली यंत्रं संपली. आता मलाच घेऊन जा."

काटासाहेब जिन्याच्या पायरीवर बसून विचार करू लागले. वजन खरं की खोटं हे ठरवायला खात्यात प्रमाण वजन असतं. मग श्वासाचं यंत्र तपासायला काय हवं? ते ताडकन उठले. प्रमाण माणूस!

असा माणूस वरच्या मजल्यावरच राहत होता. पोहण्याचे मास्तर. तलावाच्या तळाशी बसून ते मुलांची चप्पल शोधत, आणि वर मुलांचे आईबाप रडायच्या बेताला येत. मास्तर दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी बोट पुढे केलं.

"श्वास सोडा आणि रोखा," काटासाहेब म्हणाले.

"हा तर आपला धंदाच आहे," मास्तर म्हणाले आणि रोखला. नव्व्याण्णव. काटासाहेब बघत राहिले. नव्व्याण्णव. काटासाहेबांना स्वतःला दोनदा श्वास घ्यावा लागला, गालावरचा साबण वाळायला लागला, तरी नव्व्याण्णव. खिळा ठोकावा तसा स्थिर!

म्हणजे यंत्र खरं होतं. यंत्र खरं, तर बायको आजारी. तिला हे सांगायचं कसं? मोजे तर उशाशीच ठेवलेत तिनं! काहीतरी चुकतंय, एवढा एकच धागा धरून त्यांनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला आणि श्वास रोखला. नव्वद.

ते जिन्यातच थबकले. तळमजल्यावरचा बेकरीवाला पावांचा ट्रे घेऊन वर येत होता. त्याला अडवून मोजलं. एकोणनव्वद. सोसायटीचे चेअरमन कसला आरडाओरडा म्हणून बाहेर आले, त्यांना धरून मोजलं. एक्याण्णव.

"अहो, मला तर काहीच होत नव्हतं!" चेअरमन भिंतीला टेकत म्हणाले. "आता गरगरतंय."

"मलाही," बेकरीवाला म्हणाला आणि ट्रे खाली ठेवून पायरीवर बसला.

काटासाहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "चेअरमन, आजारी माझी बायको नाही. आजारी ही इमारत आहे!"

"म्हणजे?"

"मास्तर दिवसभर कुठे असतात? तलावावर, मोकळ्या हवेत. त्यांचे नव्व्याण्णव. आपण सगळे दिवसभर इथे. आपण सगळे नव्वदच्या आसपास. इथल्या हवेतच ऑक्सिजन कमी आहे. कुणीतरी खातंय तो!"

दोघांच्याही माना एकाच वेळी बेकरीवाल्याकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?"

"तुमची भट्टी," चेअरमन म्हणाले. "पहाटेपासून धगधगत असते. जळायला ऑक्सिजन लागतो, शाळेत शिकलोय मी. बाईंनीच शिकवलंय."

"मी भूगोल शिकवला!" दारातून बाई ओरडल्या, पण तोवर चेअरमन घंटा बडवत खाली धावले होते.

अर्ध्या तासात भट्टी विझली. बेकरीवाला कच्च्या पिठाचा गोळा हातात घेऊन सगळ्यांना शिव्या घालत होता. बिऱ्हाडं गच्चीवर निघाली होती, कुणी उशी घेऊन, कुणी पाण्याची बाटली घेऊन. गच्चीवर मोकळी हवा होती, वारा होता. काटासाहेबांनी रांग लावली आणि एकेकाचं बोट घेतलं.

"पारडं रिकामं करा. रोखा. हं, रोखा... अजून स्थिर नाही... रोखा..."

गच्चीवरही तेच. नव्वद, अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव. मास्तर तेवढे नव्व्याण्णव, आणि आता लोक त्यांच्याकडे संशयानं बघू लागले होते.

"सगळा ऑक्सिजन एकटे हेच ओढतात," कुणीतरी पुटपुटलं.

चेअरमनांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "लवकर या! अख्खी इमारत नव्वदवर आलीय!"

बाई कठड्यापाशी खुर्चीत बसल्या होत्या, बोटात चिमटा, समोर काटासाहेब. आकडा ब्याण्णववर आला आणि काटासाहेबांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं होतं, गच्चीवर तरी चढेल. इमारतीवर दोष ढकलणं आता पुरे झालं होतं. बायकोला जाऊ द्यायचं आणि वर डोंगरात तिला काही झालं तर? त्यांनी खिशातून फोन काढला.

"कुणाला लावताय?" बाईंनी श्वास घेत विचारलं.

"सहलवाल्यांना. तुझी जागा रद्द करतो. पुढच्या वर्षी जाऊ. दोघं जाऊ."

आणि बाई सुटल्या!

"रद्द? खबरदार बटण दाबाल तर! आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना डोंगर दाखवले मी. परीक्षेला पोरं लिहायची, शिखरावर वर्षभर बर्फ असतो. मी बरोबरची खूण करायची, आणि घरी येऊन फ्रीजमधला बर्फ खरवडायची! दवाखान्यात छातीत घरघर होत होती ना, तेव्हा मी देवाचं नाव नाही घेतलं, शिखरांची नावं घेत होते. उंचीसकट! आणि तुम्ही? चार दिवस झाले, मला टेबलाशी बसवताय आणि मेल्यासारखं श्वास रोखून धरायला लावताय! मला झोपेत पण 'रोख, रोख' ऐकू येतं. मी जाणार! चिठ्ठी मिळो न मिळो! बसच्या टपावर बसून जाईन! त्या मोज्यांची अजून घडी मोडायचीय!"

बाईंचं बोट काटासाहेबांच्या नाकासमोर नाचत होतं आणि बोटाला चिमटा तसाच लटकलेला होता. काटासाहेबांची नजर सवयीनं आकड्यावर होती. त्र्याण्णव. पंचाण्णव. सत्त्याण्णव. त्यांचा 'आ' वासला.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोल?"

"थांबू नकोस! अजून ओरड! माझ्या आईबद्दल बोल हवं तर!"

"तुमच्या आईनं तुम्हाला—" बाईंना आयतंच मिळालं होतं. अठ्ठ्याण्णव!

त्याच वेळी धापा टाकत डॉक्टरीणबाई गच्चीवर पोचल्या. रांगेत उभी लालबुंद माणसं, पिठानं माखलेला बेकरीवाला आणि मधोमध ओरडणारी आपली पेशंट बघून त्या दारातच थांबल्या. चेअरमनांनी सगळा प्रकार सांगितला.

"श्वास रोखून?" त्या किंचाळल्या. "श्वास सोडून, रोखून मोजलंत? कुणी सांगितलं?"

मोजायच्या आशेनं पुढे केलेली गच्चीवरची सगळी बोटं एकदम काटासाहेबांकडे वळली.

"तुम्हीच म्हणालात, शांत बसवून," काटासाहेब कसेबसे म्हणाले.

"शांत म्हणजे आरामात! नेहमीसारखा श्वास घेत! शांत बसवा म्हटलं होतं, कायमचं शांत करा असं नव्हतं म्हटलं!"

गच्चीवर असा काही हशा उठला की खाली रस्त्यावरची माणसं वर बघू लागली. बेकरीवाला तेवढा हसला नाही. "आणि माझी भट्टी?" त्यानं विचारलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक बिऱ्हाडानं गरजेपेक्षा जास्त पाव विकत घेतले, तेव्हा कुठे तो निवळला.

काटासाहेब बाईंच्या खुर्चीजवळ उभे राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो गं. तू त्या खाटेवर होतीस ना, तेव्हापासून श्वास रोखूनच बसलोय मी."

"मग सोडा आता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चिमटा काढून पदराला लावला. चिठ्ठी गच्चीवरच, डॉक्टरीणबाईंच्या गुडघ्यावर ठेवून लिहिली गेली.

बाई गेल्या. जाताना यंत्र बरोबर नेलं. बसमधून रोज फोन यायचा: अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, मुख्याध्यापिकेचा शहाण्णव पण ती मुळात कुरकुरणारी, आम्ही वर चढतोय, दरी दिसली, पंचाण्णव, काही होत नाहीये, जेवा वेळेवर. काटासाहेब फोन कानाला लावून नुसते हुंकार भरायचे. बाई बोलत होत्या, म्हणजे आकडा ठीक होता. त्यांना यंत्राची गरजच राहिली नव्हती.

मग एका सकाळी फोन वाजला. काटासाहेब टेबलाशी चहा घेत बसले होते.

"हॅलो? पोचलीस वर? दिसला का?"

पलीकडे नुसता वारा.

"हॅलो? अगं, किती आहे आकडा?"

काही नाही. आयुष्यात ही बाई कधी गप्प बसली नव्हती.

"अगं, बोल! बोलत राहा! काय होतंय तुला? श्वास घे आधी!"

"शू," पलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी हळू. "ओरडू नका हो. समोर बघतेय मी. काटा स्थिर होऊ द्या जरा."

काटासाहेबांनी कप खाली ठेवला. उठून पंखा बंद केला, खिडकी लावली, आणि फोन कानाशी घट्ट धरून त्यांनीही श्वास रोखला.