लाल फुली

"नाव सांगा."

"सिस्टर, सकाळपासून चार वेळा सांगितलं. तासाभरात बदलत नसतं ते."

"नियम आहे, गुरुजी. कोणत्या गुडघ्याचं ऑपरेशन?"

"डावा! डावा, डावा, डावा! घ्या, उद्यापर्यंतचं सांगून ठेवलं."

सिस्टर हसल्या, कागदावर खूण केली आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. गुरुजींच्या मात्र कपाळावरची शीर उडत राहिली. पस्तीस वर्षं शाळेत त्यांचा एकच बाणा होता, एकदा सांगितलं की सांगितलं. दुसऱ्यांदा विचारणारा पोरगा बाकावर उभा राहायचा. इथे सगळा दवाखानाच बाकावर उभा करायच्या लायकीचा निघाला.

थोड्या वेळाने डॉक्टर येऊन त्यांच्या डाव्या मांडीवर निळ्या शाईने ठसठशीत बाण काढून गेले. "हा पुसायचा नाही बरं का," एवढं बजावलं. गुरुजींचा डोळा लागला आणि तेवढ्यात त्यांच्या घरच्या बाई डबा-पिशवी घेऊन हजर झाल्या. नवऱ्याचा शाईने बरबटलेला पाय पाहून त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ऑपरेशनला चार परकी माणसं पाय बघणार, आणि पाय असा? बाईंनी टॉवेल भिजवला, साबण लावला आणि बाण मुळासकट खरवडून काढला.

गुरुजी दचकून जागे झाले. "अगं, काय केलंस हे!"

"अहो, किती घाण होती! म्हटलं, लोक काय म्हणतील?"

"ती डॉक्टरांची खूण होती!"

"अगबाई! मग बोलावते सिस्टरना."

"खबरदार! म्हणजे पुन्हा नाव, पुन्हा गाव, पुन्हा गुडघा. माझं मी बघतो."

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गुरुजींच्या खिशात लाल पेन असायचंच. हजारो पेपर तपासलेला हात तो. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, नीट विचार केला आणि चांगल्या, धडधाकट उजव्या गुडघ्यावर मोठी लाल फुली मारली. डाव्यावर बरोबरची खूण करायला गेले, तर पेन संपलेलं.

"एकच झाली की," बाई कुरकुरल्या.

"पुरे आहे. फुली म्हणजे चूक. शेंबड्या पोराला कळतं."

मग ऑपरेशनची तयारी करणारे मामा वस्तरा आणि औषधाची वाटी घेऊन आले. "गुरुजी, कोणता गुडघा?"

आता मात्र हद्द झाली! गुरुजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "डोळे आहेत ना? खूण केलीय. बघा आणि कामाला लागा."

मामांनी बघितलं आणि कामाला लागले. फुली असलेला गुडघा त्यांनी गुळगुळीत केला, वर पिवळं औषध फासलं, हिरव्या कापडात गुंडाळला. गुरुजींना वाटलं, दोन्ही पायांची स्वच्छता करत असतील. मनातल्या मनात त्यांनी दवाखान्याला शिस्तीचे दोन गुण वाढवून दिले.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात गुरुजींना झोपवून आणलेली चाकांची गाडी अडली. समोर त्याच सिस्टर.

"नाव सांगा."

"कागदावर आहे."

"कोणता गुडघा?"

"तेही कागदावर आहे! वाचता येतं ना?"

"मला येतं. पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय गाडी आत जाणार नाही." सिस्टर दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. आतून डॉक्टर डोकावले. मागे दुसरी गाडी येऊन थांबली.

"डावा!" गुरुजी कडाडले. "डावा, सिस्टर, डावा!"

सिस्टरनी चादर वर केली. डावा पाय जसाच्या तसा होता आणि उजवा हिरव्या कापडात नटून बसला होता.

"मामा! हा कसा तयार केलात?"

"फुली होती की त्याच्यावर! मी विचारलं, तर म्हणाले, डोळे आहेत ना, बघा."

"फुली म्हणजे चूक!" गुरुजी ओरडले. पण आवाजातला दम निघून गेला होता.

"गुरुजी, ते शाळेत," डॉक्टर हळूच म्हणाले. "इथे फुली दिसली की लोकांना वाटतं, कापायचं ते इथेच."

आपला चांगला गुडघा आपल्याच पेनाने चिरायला दिला होता! गुरुजींनी दोन्ही हातांनी तो घट्ट धरला. मामांनाही सिस्टरकडून चार शब्द ऐकावे लागले. आजारी माणूस खेकसला तरी उत्तर मिळेपर्यंत विचारायचं, हे त्यांना पुन्हा एकदा समजावलं गेलं. मग डॉक्टरांनी डाव्या मांडीवर नवा बाण काढला, डाव्या गुडघ्याची तयारी झाली आणि सिस्टरनी पहिल्यापासून सगळं विचारलं. गुरुजींनी वडिलांच्या नावासकट, हजेरी दिल्यासारखी, खणखणीत उत्तरं दिली.

आत गेल्यावर कमरेत इंजेक्शन झालं, पाय बधिर झाले, दिवा पेटला. डॉक्टरांनी हातमोजे ओढले.

"थांबा!" गुरुजी किंचाळले.

"काय झालं? दुखतंय?"

"कोणता गुडघा, ते मला विचारलंच नाही कुणी!"

"अहो गुरुजी, आत्ता दारात विचारलं ना?" सिस्टर म्हणाल्या.

"ते दारात. आत कुठे विचारलंत? विचारा, विचारा."