पायाळू रामादादा

मुरबाडजवळच्या एका गावात मी मास्तर म्हणून हजर झालो, तेव्हा शेजारच्या रामादादांनी मला नाव, गाव, पगार यांपैकी काहीच विचारलं नाही. पडवीतून मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी जल्माला आलात ते डोक्याकडून का पायाकडून?"

मी म्हटलं, आठवत नाही.

"आयेला पत्र टाकून विचारा," ते गंभीरपणे म्हणाले. गावात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते हेच विचारीत.

रामादादा स्वतः पायाळू. म्हणजे जन्मताना पाय आधी, डोकं मागाहून. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण निघते, ही आमच्याकडची जुनी समजूत. दर रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत पाचदहा माणसं पालथी पडलेली असत. रामादादा डावा पाय धुऊन एकेकाच्या कंबरेला तीनदा टाच लावत. पैसा घेत नसत. घेतला तर पायाचा गुण जातो म्हणे. लाथ मारीन तिथं पाणी काढीन म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण ज्याची लाथ खायला लोक एसटीनं येतात असा हा एकच.

मला हा प्रकार अडाणीपणाचा वाटे, आणि मास्तर असल्यामुळे मी ते बोलूनही दाखवी. लाथेनं दुखणी बरी होत असती तर माझ्या वर्गातली निम्मी पोरं एव्हाना डॉक्टर झाली असती.

"तुमचं बराबर हाय," रामादादा म्हणत. "पन मानूस एवढ्या लांबून आलाय, त्याला नाय कसं म्हनायचं?"

त्यांची बायको वारलेली. मुलगा कल्याणला, सणावारालाही येईलच असं नाही. सहा दिवस ते घर मुकं असायचं. रविवारी मात्र चुलीवरून चहाचं पातेलं उतरत नसे. कुणाचं लग्न जमलं, म्हसा गावच्या जत्रेत कुणाचा बैल विकला गेला, सगळं त्या पडवीत कळायचं.

पुढे माझीच कंबर धरली. दोन महिने झाले तरी सोडीना. रामादादांपुढे पालथं पडायला माझा शिकलेला अहंकार आडवा आला. शहापूरला एका डॉक्टरांनी नवीन लेझरचं मशीन आणलंय असं कळलं, म्हणून तिकडे गेलो. शेजारच्या खाटेवर एक माणूस पालथा पडलेला. पाठ उघडी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि दवाखान्यातल्या बाई त्याच्या कंबरेवर पेनासारखं काहीतरी टेकवून लाल उजेड पाडत होत्या. चेहरा अर्धा उशीत होता, पण ती डावी टाच अख्ख्या तालुक्याच्या ओळखीची होती.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, कुनाला बोलू नका."

तरुणपणी भातगिरणीत पोती वाहिलेली. तेव्हापासून कंबर दुखते. "दुसऱ्याची उसन काढतो, पन आपल्या कंबरेला आपला पाय पोचत नाय. दुसरा पायाळू शोधशोध शोधला, कुटं गावला नाय." मला त्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचा अर्थ आत्ता लागला आणि फार वाईट वाटलं.

"लेझरनं काय वाटतं?"

"काय पन नाय. गरम नाय, गार नाय. पन सा वेळा झाल्यावर पान्याची बादली उचलता आली."

"मग लोकांना कळलं तर बिघडलं कुठं?"

"कळल्यावर येतील कशाला? आन् कोन आलंच नाय तं मी बोलू कुनाशी?"

पुढे माझी कंबर सुटली, पण गावात मी कुणाला काही बोललो नाही.

त्या हिवाळ्यात वीटभट्टीवरची एक बाई आली. तिचा हा तिसरा रविवार, आधी दोनदा टाच लावून गेलेली. नवऱ्यानं काखेत धरून आणलेली. आता एक पाय बधिर झाला होता. पडवी भरलेली. रामादादांनी पाय धुतला, उचलला आणि परत खाली ठेवला.

"हिला माझा पाय नको. शहापूरला डॉक्टरकडं न्या. मी पन माझ्या कंबरेला तिथंच जातो."

कुणीतरी हसलं. मग एक म्हातारा उठून बसला. "तुझीच कंबर दुखतं? मंग आमच्या कंबरंवर काय करत व्हतास रे?"

 भट्टीवाल्यांना दवाखाना माहीत नव्हता, म्हणून रामादादाच त्यांच्याबरोबर जीपमधून गेले. डॉक्टरांनी लेझरचं नावही काढलं नाही, तिला सरळ मोठ्या इस्पितळात पाठवलं. उशीर झाला असता तर पाय कायमचा गेला असता, असं म्हणाले. पुढे ती हळूहळू चालू लागली म्हणे. रामादादांकडे मात्र ती आली नाही, आणि दुसरंही कुणी आलं नाही.

त्या प्रसंगानंतरच्या रविवारीच पडवी रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी मला राहवेना. गेलो आणि त्यांच्यापुढे सरळ पालथा पडलो.

"मास्तर, तुमची कंबर बरी झाली ना?"

"कुठं हो, अजून चमक भरते," मी खोटंच बोललो.

ते जवळ आले, पण पाय धुतला नाही.

"उटा," ते म्हणाले. "उगा पालथं नका पडू. निस्तं बसा. बोला कायतरी."

मी उठून बसलो. तेही बसले. मग चहाचं पातेलं चुलीवर चढवायला उठले.