आठ हजार फुटांवरचं हळदीकुंकू

महिपत रहाट्यांनी त्या शनिवारी दुपारी काही मोठा निर्णय घेतला नव्हता. हाताने केलेली सहा यंत्रं दोन-तीन तासांपुरती बेडरूममधल्या आरशाला चिकटवून ठेवायची, एवढंच त्यांनी ठरवलं. घर बदलायचं झालं, मुलीचं लग्न ठरवायचं झालं, तर माणूस दहा जणांना विचारतो. आरशाला काय चिकटवावं हे कोण कुणाला विचारायला जातं? (विचारायला हवं. पण हे त्यांना संध्याकाळी कळलं.)

यंत्रं म्हणजे विमानाची यंत्रं. महिपतराव रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे कारखानदार. त्यांचं स्पिटफायर खऱ्याच्या बरोबर बाराव्या हिश्श्याएवढं, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात कोरलेलं, तीन फुटी पंखांचं होतं आणि साळवी स्टॉपच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये डायनिंग टेबलावर उतरलेलं होतं. दोन वर्षं झाली, ते तिथून उडालं नव्हतं. रहाटे कुटुंब पंखाखाली ताटं सरकवून जेवत असे. मीठ कुठे आहे असं दर्शनाताईंनी विचारलं, की महिपतराव मान वर न करता सांगत, "शेपटीकडे."

गेल्या वर्षी त्यांनी हे विमान हौशी कारागिरांच्या प्रदर्शनात नेलं होतं. परीक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले एक उंच गृहस्थ. त्यांनी कॉकपिटमध्ये टॉर्च मारला, आत काळा रंग दिलेला पुठ्ठा दिसला, आणि ते म्हणाले, "हे चालवायचं कशावर? अंदाजावर?" एवढं बोलून ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे कुणीतरी काडेपेटीच्या काड्यांचं गलबत केलं होतं, आणि त्याच्यापाशी ते बराच वेळ थांबले.

तो प्रश्न महिपतरावांच्या पोटात वर्षभर राहिला. बक्षिसाची आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. यंदा टॉर्च आत गेला की तो धरणारा हात जागच्या जागी थांबला पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा होती. जेवताना, अंघोळ करताना, साहेबांपुढे फाईल ठेवताना त्यांना तो थांबलेला हात दिसत असे.

खऱ्या विमानातलं एकेक यंत्र तळहाताएवढं असतं. महिपतरावांनी त्याला बाराने भागलं आणि उत्तर टिकलीएवढं आलं. मग टिकलीच का नको? दर्शनाताईंच्या पाकिटातल्या काळ्या टिकल्या अगदी वाटोळ्या होत्या, मागे डिंकही होता. त्यांनी कॉम्प्युटरवर तबकड्या काढून बारीक छापल्या आणि कचेरीतल्या पंचने गोल पाडल्या. (तो पंच महिनाभर घरीच होता. तेवढ्या काळात कचेरीतल्या फायली टाचण्यांवर निभावल्या.) तबकडी टिकलीवर बसवली की भोवती काळी कड राही, थेट खऱ्यासारखी. काट्यांसाठी त्यांनी स्वतःच्या मिशीतले पांढरे केस वापरले, कारण त्यांचा पुरवठा वाढता होता. वर काच म्हणून बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब. तो वाळायला दीड दिवस लागायचा.

अशी सहा यंत्रं झाली. वेग, उंची, चढउतार, दिशा, वळण, आणि विमान किती कललंय ते दाखवणारं क्षितिज. उंचीच्या यंत्राला तीन काटे, म्हणजे तीन केस, म्हणून ते त्यांचं सगळ्यात लाडकं. काटे आठ हजार फुटांवर लावून त्यांनी ते भिंगातून इतक्या वेळा पाहिलं होतं, की शेवटी शेवटी त्यांचे कान बंद व्हायला लागले.

प्रदर्शन रविवारी सकाळी. आणि शनिवारी संध्याकाळी दर्शनाताईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू.

टेबल मोकळं करायची नोटीस सकाळीच मिळाली होती. जे टेबलावर राहील ते गॅलरीत जाईल, आणि गॅलरीत कावळे येतात, एवढंच दर्शनाताई म्हणाल्या. महिपतरावांनी विमान तिसऱ्या मजल्यावर अनिलकडे पोचवलं. अनिल त्यांचा जुना मित्र. हळदीकुंकवाच्या दिवशी नवऱ्यांना घरात जागा नसते, तेव्हा त्याच्याकडेच बसून यंत्रं बसवायची, असा बेत होता. फक्त नेलपॉलिश अजून जरा ओलसर वाटत होतं. डबीत ठेवावं तर एकमेकांना चिकटतील, कागदावर ठेवावं तर मागच्या डिंकाला धूळ लागेल. आणि मग महिपतरावांना सुचलं, की आपल्या घरात चष्मा हरवतो, किल्ल्या हरवतात, पण टिकली कधी हरवत नाही, कारण बायका ती आरशाला लावून ठेवतात. इतकी वर्षं जी पद्धत चालत आली आहे तिच्यात काही शहाणपण असणारच. त्यांनी सहाही यंत्रं आरशाच्या कडेला, दर्शनाताईंच्या लाल-मरून टिकल्यांच्या खाली, ओळीने लावली आणि समाधानाने वर गेले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका काळ्या साड्या नेसतात, ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती. दर्शनाताई स्वतः दुपारपासून काळ्या साडीत होत्या. पण महिपतरावांच्या डोळ्यांना त्या महिन्यात टिकलीपेक्षा मोठं काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी वर त्यांनी कॉकपिट उघडलं, चिमटा हातात घेतला, भिंग लावलं आणि अनिलला म्हणाले, "दोन मिनिटांत यंत्रं घेऊन येतो." खाली आले. आरशावर लाल टिकल्या होत्या, मरून टिकल्या होत्या. काळी एकही नव्हती.

त्यांनी आरशाच्या मागे पाहिलं. खाली वाकून पाहिलं. मग बाहेरच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला आणि त्यांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. पदर सारखा करायला, पर्स ठेवायला बायका याच खोलीत येत होत्या, आणि काळ्या साडीवर काळी, वर नक्षी असलेली, चकचकीत टिकली आरशावर आयतीच मिळत होती. दर्शनाताई दारातून प्रत्येकीला प्रेमाने सांगत होत्या, घ्या गं, टिकली हवी तर आरशावर आहेत.

महिपतराव बाहेर आले. खोलीभर काळ्या साड्या. पहिलं यंत्र त्यांना दारातच भेटलं. अनिलची बायको समीक्षा तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन उभी होती, आणि तिच्या दोन भुवयांच्या मधोमध ताशी तीनशे मैल असा वेग होता.

"काय झालं भाऊजी? असं काय बघताय?"

"वेग," महिपतराव म्हणाले.

समीक्षाला ते कौतुक वाटलं. एवढ्या बायकांना पुरं पडायचं तर हात चालवायलाच हवा, असं म्हणून तिने त्यांच्या हातावर लाडू ठेवला आणि पुढे गेली. वेगही तिच्याबरोबर गेला.

मग त्यांनी जे केलं ते आजही सोसायटीत सांगितलं जातं. पाण्याचा ट्रे उचलून ते बायकांच्या रांगेतून फिरू लागले. प्रत्येकीपुढे वाकायचं, ग्लास द्यायचा, आणि कपाळाकडे डोळे बारीक करून बघायचं. खिडकीपाशी दिशा सापडली. सोफ्यावर वळण आणि चढउतार शेजारी शेजारी बसून सुनांविषयी बोलत होते. क्षितिज एका जाडजूड बाईंच्या कपाळावर तिरकं लागलं होतं आणि त्या मान हलवतील तसं विमान गटांगळ्या खात होतं. हळूहळू बायकांनी पदर कपाळापर्यंत ओढायला सुरुवात केली. एका वयस्कर बाईंनी दर्शनाताईंना बाजूला घेऊन विचारलं, की यांच्या डोळ्यांचं काही आहे, की दुसरं काही आहे?

दर्शनाताईंनी ट्रे काढून घेतला आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात नेलं. महिपतरावांनी सगळं सांगितलं. उद्या सकाळी नऊला विमान हॉलमध्ये पोचवायचंय, नवीन करायचं तर पॉलिशच वाळणार नाही, आणि पुन्हा तो टॉर्च काळ्या पुठ्ठ्यावर पडेल. दर्शनाताई रागावल्या नाहीत. ते जास्त भीतीदायक होतं.

"म्हणजे टिकल्या माझ्या," त्या म्हणाल्या, "आरसा माझा. माझ्या टिकल्या मी माझ्या मैत्रिणींना दिल्या. आणि चोर शोधत फिरताय तुम्ही?"

"चोर नाही. यंत्रं."

"इथून हलू नका."

त्या बाहेर गेल्या. महिपतरावांनी दाराच्या फटीतून ऐकलं. दर्शनाताई एकेकीच्या कानाशी वाकून सांगत होत्या, की अगं, ते पाकीट फार जुनं आहे, डिंक बदललाय, मला परवा त्याने पुरळ उठलं होतं, काढून टाक आणि ही नवीन लाव. पुरळ हा शब्द पुरेसा होता. समीक्षाला तिथल्या तिथे खाज सुटली. पाच मिनिटांत वाणाच्या गाळण्यांच्या ढिगाशेजारी एका वाटीत पाच यंत्रं जमली. वेगावर थोडी पावडर होती, क्षितिजावर कुंकू, पण काटे शाबूत होते.

उंची नव्हती.

"सगळ्या झाल्या," दर्शनाताई म्हणाल्या. "आणखी कुणाकडे नाही."

"असलीच पाहिजे. तीन केस आहेत त्यात."

तेवढ्यात गॅलरीच्या बाजूने सखूआत्या स्वयंपाकघरात आल्या. आत्या पालीहून चार दिवस राहायला आल्या होत्या. यजमान गेल्यापासून त्या हळदीकुंकू म्हटलं की मागच्या खोलीत भाजी निवडत बसत, कुणी बाहेर बोलावलं तरी पाय दुखतात म्हणत. यंदा दर्शनाताईंनी आमंत्रणं करतानाच सांगून टाकलं होतं, की आमच्याकडे सगळ्या बसतील. आत्या बसल्या नव्हत्या. पण भाजीही निवडत नव्हत्या. ठेवणीतलं लुगडं नेसून त्या गॅलरीत नुसत्या उभ्या होत्या.

त्यांच्या कपाळावर आठ हजार फूट होते.

महिपतरावांचा हात आपोआप पुढे गेला. उद्याचा टॉर्च, थांबलेला हात, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. फक्त म्हणायचं होतं, आत्या, ती जरा काढ. आत्याने एका शब्दाने विचारलं नसतं. काढून दिली असती, आणि तशीच मागच्या खोलीत गेली असती.

"महिपत," आत्या म्हणाल्या, "काळीच घेतलीय रे. रंगाची नाय घेतली. वाईट नाय ना दिसत?"

महिपतरावांनी हात मागे घेतला. तो कुठेतरी ठेवायला हवा म्हणून त्यांनी लाडू उचलला.

"बरी दिसते," ते म्हणाले. "छान दिसते, आत्या."

"मग बसू का वाईच भायेर?"

दर्शनाताईंनी आत्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांना बाहेर नेलं. थोड्या वेळाने परत येऊन त्यांनी पाकिटातली एक कोरी काळी टिकली नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. पाच यंत्रं आणि एक टिकली घेऊन महिपतराव वर गेले, आणि अनिलने विचारलं की एवढा वेळ काय करत होतास, तेव्हा ते म्हणाले, हळदीकुंकू.

रविवारी सकाळी शाळेचा हॉल भरला होता. दर्शनाताईंबरोबर आत्याही आल्या होत्या, टिकली लावून, आणि काडेपेटीच्या गलबतापाशी रमल्या होत्या. (यंदा त्याला शिडंही आली होती.) महिपतराव विमानामागे उभे होते. सहापैकी पाच यंत्रं कॉकपिटमध्ये अशी चमकत होती की त्यांना स्वतःलाच बसून उडावंसं वाटावं. कोरी टिकली चिकटवलेल्या सहाव्या जागेकडे मात्र ते बघत नव्हते. टॉर्च जरा डावीकडून पडला तर सावलीत ती जागा दिसणारही नाही, असा त्यांचा हिशेब होता.

परीक्षक आले. टॉर्च उजवीकडून पडला. आणि थांबला.

किती वेळ थांबला ते महिपतरावांना कळलं नाही, कारण त्यांनी श्वास धरून ठेवला होता. परीक्षक वाकले. खिशातून चष्मा काढून पुन्हा वाकले.

"तबकड्या सुरेख आहेत," ते म्हणाले. "विमान कुठे आहे हे?"

"जी?"

"जमिनीवर उभं आहे ना? चाकं खाली आहेत, पंखा बंद आहे."

"हो सर."

"मग वेग तीनशे मैल कसा? हा काटा सांगतोय वर चढतंय, हा सांगतोय डावीकडे वळतंय, आणि क्षितिज कललंय. टेबलावर उभ्या उभ्या?"

वर्षभरात महिपतरावांनी काटे किती बारीक करावेत याचाच विचार केला होता. ते कुठे दाखवावेत हा विचार राहून गेला होता. मागे समीक्षा अनिलच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघं खोकू लागले.

टॉर्च सरकून सहाव्या जागेवर आला.

"हे मात्र अगदी बरोबर," परीक्षक म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. "युद्धात यंत्र बिघडलं की दुरुस्तीला काढून नेत आणि त्या जागी अशी कोरी काळी चकती बसवत. हे कुणाच्या लक्षात येत नाही. हे ज्याने केलंय त्याने खरंच अभ्यास केलाय."

महिपतरावांनी नम्रपणे मान खाली घातली आणि आभार मानायला तोंड उघडलं.

"ती माझी आहे," मागून दर्शनाताई म्हणाल्या.

परीक्षकांनी टॉर्च बंद केला, महिपतरावांना हाताने हलकेच बाजूला केलं, आणि दर्शनाताईंना अदबीने विचारलं, "वा. आणखी कोणती विमानं केलीत तुम्ही?"