दगाआप्पांचा दुसरा सीझन

दगाआप्पा माणसाला नमस्कार करीत नसत, त्याचं वजन सांगत. वाचनालयाची पायरी चढून आत आले की माझ्या टेबलापुढे उभे राहायचे, मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "मास्तर, दोन शेर वाढनात." हा त्यांचा रामराम. नवे मामलेदार वाचनालय बघायला आले तेव्हा आमचे अध्यक्ष हार घेऊन पुढे झाले होते, पण त्यांच्याआधी दगाआप्पाच बोलले, "दोन मण पाच शेर. टोपी धरीसन." मामलेदार हसले म्हणून निभावलं. पुढे कळलं की साहेबांनी मालधक्क्यावर जाऊन गुपचूप वजन करून घेतलं आणि आकडा बरोबर निघाला.

आप्पा नंदुरबारातल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते. कापसाच्या गाड्या यायच्या, आप्पा काट्याशी उभे राहून वजन पुकारायचे आणि ते पुकारलं की भल्याभल्यांची हुज्जत थांबायची. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना आकड्यात हवी असे. कुणी म्हणालं, मुलाला फार ताप आहे, की आप्पा विचारणार, "तोंडनं ऱ्हाऊ दे, आकडा बोल." एका कीर्तनकारबुवांना त्यांनी भर सभामंडपात विचारलं होतं, "बुवा, वैकुंठ आठेन कितला कोस?" बुवा त्या मुक्कामात पुन्हा वैकुंठाकडे वळले नाहीत.

मी धुळ्याकडून आलेला, वाचनालयाचा पगारी ग्रंथपाल. शांतता राखा अशी पाटी मी स्वतः रंगवली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. त्या पाटीखाली बसून सर्वांत जास्त बोलणारा माणूस म्हणजे दगाआप्पा. पहिल्या महिन्यात मी त्यांना तीन वेळा दटावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, "हाई फळी पाच शेर भरी." मग मी नाद सोडला.

नंदुरबारात सीझन म्हणजे जिनचा सीझन. दिवाळीच्या आगेमागे भोंगा सुरू व्हायचा आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला बंद पडायचा. भोंगा बंद पडला की काटेवाले, गाडीवाले, हमाल आपापल्या गावी जायचे. दगाआप्पांचा मात्र दुसरा सीझन तेव्हा सुरू व्हायचा. दुपारी सुरतेकडच्या पॅसेंजरने मुंबईचा इंग्रजी पेपर आला की आप्पा हजर. शेवटून दुसरं पान काढायचे, खालच्या कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरांवर अंगठा ठेवायचे आणि मला हाक मारायचे, "मास्तर, सापशिडी कोठे शे?"

हे सापशिडी प्रकरण सांगायला हवं. त्या कोपऱ्यात कलकत्त्याच्या फुटबॉल लीगचे निकाल छापून येत. सगळ्या देशाची अशी एक लीग तेव्हा नव्हती, पण देशभरातले चांगले खेळाडू कलकत्त्याला जात, म्हणून ती लीग म्हणजेच देशाची लीग असं पेपरवालेही धरून चालत. कागदोपत्री सगळे हौशी. खरं तर गिरणीत, गोदीत नाहीतर कचेरीत नोकरी देऊन आणलेले, पगार नोकरीचा आणि काम चेंडूचं. त्या लीगमध्ये शिबतला युनियन नावाचा एक गरीब संघ होता. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, आकडे तेवढे वाचता येत. म्हणून मी त्यांना नावाची पहिली दोन अक्षरं ओळखायला शिकवली. पहिलं सापासारखं वळलेलं, दुसरं शिडीसारखं. साप आणि त्यामागे शिडी दिसली की तो आपला संघ.

ह्या शिकवणीची फळं मला भोगावी लागली. एके दिवशी मी कपाटामागे होतो आणि आप्पा ओरडले, "मास्तर, घात व्हयना! सत्तावन गोल!" मी धावत आलो. त्यांचा अंगठा शेअरबाजाराच्या रकान्यावर होता. तिथेही साप आणि शिडीच होती.

शिबतल्याचं त्यांनी केव्हाच शिवतळा करून टाकलं होतं. एकदा बाकावर बसून ते हळहळले, "सीझन बुडाला. शिवतळाना पाच गयात." शेजारी लोणखेड्याचा एक व्यापारी जाहिराती वाचत होता. त्याने ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी पसरली की शिवतळ्याचं जिन बुडालं. दुसऱ्या दिवशी कोरीटचे दोन शेतकरी गाडी जुंपून आले, शिवतळा कोणत्या तालुक्यात म्हणून विचारायला. मला माहीत नव्हतं. पण एसटीच्या एका कंडक्टरने छातीवर हात ठेवून सांगितलं, "इसरवाडीना पुढे दोन मैल. मी सोता गाडी थांबाडेल शे."

आणखी एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. आप्पांना संघ जिंकला की हरला ह्याच्याशी काही देणंघेणं नसे. शिबतला तीन-दोनने जिंकला तर त्यांचं तोंड उतरायचं. शून्य-शून्य झालं की खिशातून फुटाणे काढून सगळ्या वाचनालयाला वाटायचे, माझ्या पाटीखाली कुडुमकुडुम आवाज सुरू व्हायचा. विचारायचे एकच, "गोलमा कितला गयात?"

शेवटी आमच्या शिपायाने मला सांगितलं. जे साऱ्या गावाला ठाऊक होतं ते एकट्या ग्रंथपालाला ठाऊक नव्हतं. शिबतल्याचा गोलकीपर म्हणजे आप्पांचा एकुलता मुलगा मगन.

मगन इथल्या शाळेत खेळायचा. पुढे भुसावळला रेल्वेच्या पोरांत खेळायला लागला, तिथे कुणाच्या नजरेत भरला आणि कलकत्त्याहून नोकरीचं बोलावणं आलं. आप्पांनी त्याला जिनच्या काट्यावर आपल्या जागी लावायचं ठरवलं होतं. जायच्या दिवशी दोघांची जुंपली. आप्पा म्हणाले, "खेय काय धंदा शे का? खेयनं वजन कितलं, सांग!" मगनने पेटी उचलली आणि स्टेशनचा रस्ता धरला. त्याला चार पावसाळे झाले होते. त्याचं पत्र नाही आणि ह्यांचंही नाही. आधी कुणी लिहायचं ह्यावर दोघे अडून बसलेले. मुलगा जिवंत आहे, उभा आहे, हातपाय धड आहेत, हे बापाला कळत होतं ते त्या मुंगीएवढ्या ओळीतून. हे ऐकल्यावर मला माझीच लाज वाटली. त्यानंतर पेपर आला की मी तो आधी आप्पांसाठी बाजूला काढू लागलो. अध्यक्षांनाही थांबावं लागे.

पाचव्या वर्षी शिबतला तळाला गेला. मी आप्पांना तक्ता समजावला आणि समजावताना माझ्याच तोंडून नको ते निघालं. शेवटच्या नंबराचा संघ दुसऱ्या वर्गात टाकतात, आणि दुसऱ्या वर्गाचे निकाल मुंबईच्या पेपरात येत नाहीत.

"येत नही म्हंजे?"

"छापतच नाहीत, आप्पा."

त्यांनी त्या कोपऱ्यावरचा अंगठा काढून घेतला. त्या दिवसापासून त्यांनी लोकांची वजनं सांगणं बंद केलं. जिनमध्ये ह्याच सुमाराला मण-शेरांचे काटे काढून किलोचे बसवले होते. एरवी किलोला ते दिवसातून दहा शिव्या घालायचे, आता त्याही थांबल्या. मला करमेना. जन्मात कधी चेंडूला पाय न लावलेला मी, रोज देवापुढे उदबत्ती लावताना शिबतला युनियनचं नाव घेऊ लागलो.

शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी भागलं असतं. निकाल दोन दिवसांनी आला. शिबतला शून्य, समोरचे एक. आप्पांनी स्वतःच साप शोधला, शिडी शोधली, आकडे बघितले.

"एकच गया," ते म्हणाले. "चांगला उभा शे पोऱ्या."

पेपराची घडी करून त्यांनी ती माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा आले, शेवटून दुसरं पान उघडून बसले. तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी त्यांनी टेबलावर एक कोरं कार्ड ठेवलं. भुसावळच्या कुणा रेल्वेवाल्याकडून मिळवलेला पत्ता सोबत होता. तो चिठोरा इतका मऊ पडला होता की ते कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडत असावेत.

"लिखा. पेपरमा आते येनार नही. आकडा कळव."

मी तसंच लिहिलं आणि थांबलो. "पुढे?"

"पुढे काय? व्हयनं."

"आशीर्वाद तरी लिहू?"

"आकडा मांगा ना मी? मंग बाकीनं कसाले?"

मी चिडलो. पाच वर्षांनी मुलाला लिहायचं आणि दोन ओळी! पण कार्ड त्यांचं होतं. मी गुपचूप कोपऱ्यात 'आशीर्वाद' लिहून टाकलं आणि कार्ड पेटीत टाकलं.

उत्तर आलं ते पोळा होऊन गेल्यावर, वाचनालयाच्या पत्त्यावर. मी आधी स्वतः वाचलं आणि गोंधळलो. मजकूर असा: 'ती. आप्पांस सा. न. आकडा ५९. मगन.' बस, इतकंच. मनात हिशेब केला, हे सबंध सीझनभर खाल्लेले गोल असणार. एकोणसाठ! ह्या माणसाला कसं सांगायचं? कार्ड मी टेबलाच्या खणात ठेवलं. पण आप्पा आले आणि माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांनी हात पुढे केला.

त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं.

"आप्पा, संघच कच्चा होता," मी घाईघाईने म्हणालो. "एकटा गोलकीपर काय करणार? एकोणसाठ गोल म्हणजे..."

"गोल नही, मास्तर," ते म्हणाले. "हाऊ किलोना आकडा शे."

"किलो? कशाचे?"

त्यांनी बाकावर बसून घेतलं. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "त्यानी माय गयी, पोऱ्या चार वरीसना व्हता. घरमा बाईमानुस नही. पोऱ्यानं पोट भरनं का नही, माले कसं कळी? त्याले इचारं तर म्हने, भरनं. मंग दर आखाजीले मी त्याले काटावर बठाडू. काटा खोटं बोलत नही. मन्हा घरमा आकडा म्हंजे तोच."

सीझनचा शेवटचा दिवस, कापसाच्या गाड्या गेलेल्या, आणि रिकाम्या काट्यावर बसलेलं ते पोर मला दिसलं. आप्पांनी मागितला होता गोलचा आकडा. मगन पेपर कुठला, निकाल कुठले, काही जाणत नव्हता. बाप आपलं वजन विचारतो आहे एवढंच त्याला कळलं होतं, आणि त्याने कुठल्या तरी गिरणीच्या काट्यावर चढून ते कळवलं होतं. त्याने चुकीचं वाचलं की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "किलोना शेर कसा करतस?"

किलोला शिव्या घालणारा माणूस हे विचारत होता. मी पेपराच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने गणित मांडलं. त्रेसष्ट शेर झाले. एक मण तेवीस शेर.

"गया तवय पावनेदोन मण व्हता." त्यांनी बोटांवर मोजलं आणि परत मोजलं. "सात शेर, मास्तर. सात शेर कमी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायचंही त्यांना सुचलं नाही. वाचनालयात चार-पाच माणसं होती. सगळी पेपरात तोंड घालून बसली. माझ्या पाटीचं म्हणणं लोकांनी मनापासून ऐकलं असा तो एकच दिवस.

मी खणातून माझंच एक कार्ड काढलं, दौत पुढे ओढली. "सांगा आप्पा. आकडा काय लिहू?"

"आकडा ऱ्हाऊ द्या आते," दगाआप्पा म्हणाले. "लिखा, घर ये."

मी लिहिलं. ह्या वेळी आशीर्वादाचं विचारलं नाही, त्यांनीच कोपऱ्यावर बोट ठेवलं. शाई वाळेपर्यंत ते उभे राहिले आणि कार्ड पेटीत टाकायला स्वतः घेऊन निघाले. दारापाशी गेल्यावर थांबले, मागे वळले. मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी वजन ऐकायला ताठ बसलो.

त्यांनी कार्ड दोन्ही तळव्यांत धरलं आणि हात जोडले.